अर्धा कापलेला महू

“रूपलीबेन, माणूस घरातून निघताना त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. पायाकडे बघायचं. पायात बूट, मांडीवर विजार, तरच दार सोडायचं. नाही तर कडी घालून आत बसवून ठेवायचं. तुला सांगते, त्याला नाही सांगत. पुरुषमाणूस हो म्हणतो आणि करत काही नाही.”

लोणखेड्याला झाडं कापणाऱ्यांच्या शिबिरात फाल्गुनीबेननं हे सांगितलं त्याला वर्ष होत आलं होतं. पण सकाळी चूल पेटवताना रूपलीबाईला तो आवाज जसाच्या तसा ऐकू यायचा. शिबिरात शिकवायला आलेली, नवापूरकडची बाई. ठेंगणी, आखूड केसांची. झाड कापायचं कटर मशीन हातात असं धरायची, जसं आपण कडेवर लेकरू धरतो. शिबिराच्या शेवटच्या दिवशी तिनं कापणाऱ्यांच्या बायकांना मुद्दाम बोलावलं. बाभळीच्या ओंडक्यावर एक जाड हिरवी विजार गुंडाळली आणि चालू मशीन वरून टेकवलं. बायांनी डोळे मिटून घेतले. घर्र करून मशीन कापडात शिरलं आणि खटकन बंद पडलं. विजारीतून पांढऱ्या दोऱ्यांचे पुंजके निघून साखळीत गुरफटले होते. कापड उचलून दाखवलं, तर खालच्या सालीला ओरखडासुद्धा नाही. मग तिनं विजार बाजूला ठेवली आणि उघड्या ओंडक्यावर तेच केलं. रूपलीबाईचा श्वास आत गेला होता, तो बाहेर यायच्या आधी ओंडक्याचे दोन तुकडे झाले.

त्या दिवसापासून रूपलीबाईचा नेम होऊन गेला. अंगण झाडायचं, याहामोगी देवीपुढे दिवा लावायचा, आणि नवऱ्याला ओट्यावर बसवायचं. वाहरू पन्नाशीला टेकलेला, सागाच्या काठीसारखा सरळ आणि तितकाच कमी वाकणारा. तो पाय पुढे करायचा आणि ती विजारीचे मागचे बंद एकेक करून आवळायची. मग लोखंडी टोकाचे बूट, विजारीचे खालचे पट्टे बुटाच्या कड्यांत, मग जाळीचा टोप, आवाज अडवायच्या कानांवरच्या वाट्या, शेवटी हातमोजे.

समोरच्या घरची रंजनाबाई शेण थापता थापता हे रोज बघायची, आणि रोज काहीतरी टाकायचीच.

“काय वं रूपली, आज कोनी वरात शे? रोज नवरदेव सजाडस!”

“सजाडू नही ते काय करू, बाई? मशीनले डोया नहीत.”

“आन् हाई टोपलं? चंद्रावर चालना का वाहरू?”

वाहरू जाळीआडून म्हणायचा, “चंद्रावर झाडं नहीत, रंजनाबाई. जाईसन काय करू?”

गाव हसायचं. हसण्यासारखं होतंच ते. चैत्राच्या उन्हात शहाद्याकडची माणसं अंगावर बनियन ठेवत नाहीत, तिथं हा माणूस गोधडी नेसल्यासारखा हिंडायचा. दुपारी घरी आला की विजार पिळून काढावी लागायची. “आंगना भुगा व्हयना,” असं तो म्हणायचा. पण दुसऱ्या सकाळी ओट्यावर बसून पाय पुढे करायचा. वर्षभरात निलगिरी पाडली, सुबाभूळ पाडली, बांधावरच्या बाभळी तर किती पाडल्या त्याला मोजदाद नाही. अंगावर खरचटलं नाही. दोन वेळा साखळी मांडीला लागून विजारीत अडकली, ती विजार रूपलीबाईनं सुई-दोऱ्यानं शिवून काढली, आणि शिवताना याहामोगीकडे बघितलं.

मग महूचं काम आलं.

शहाद्याला पुखराजशेठचं पाइपा-मोटारींचं दुकान. मशीन वाहरूनं त्याच्याकडूनच घेतलेलं. आमोदपाड्याच्या रस्त्याला लागून शेठची केळी होती, आणि त्या शेताच्या बांधावर, अगदी रस्त्यावर कललेला, एक म्हातारा महू. पुस्तकात त्याला मोह म्हणतात. तीन वर्षांपूर्वी तो वाळला. वाळला तरी पडेना. वारं सुटलं की एखादी फांदी तेवढी खाली टाकायचा. त्याच रस्त्यानं गावची पोरं शाळेत जायची, बाया बसला जायच्या, दूधवाले जायचे.

शेठ स्वतः जीप घेऊन दारात आला. खाटेवर टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, “वाहरूभाऊ, तो महू आते पाडनाच पडी. काल फांदी पडनी, दूधवालानी कॅन चेपाई गयी. उद्या पोऱ्याना डोकावर पडी ते मी कोनले तोंड दखाडू?”

“महू शे, शेठ,” वाहरू हळूच म्हणाला.

“माले का दखास नही? सुकीसन खडंग व्हयेल शे. मन्ही माय भूरीबाई, तुले तिना नेम मालूम शे, हिरवा पाला तोडू देत नही घरमा. तिनी बी हो म्हनं. कागद बी उना परवानगीना.”

“कागद ठीक शे. पन आमना तीन पिढ्या त्याना फुलेसवर जगन्यात. आमनी माय शे ती.”

“मंग माय पोऱ्यास्ना डोकावर पडी, हाई तुले चाली का?”

वाहरूनं बायकोकडे बघितलं. रूपलीबाई दारात उभी होती. त्याच रस्त्यानं तिनं आपल्या सीमाला हाताला धरून शाळेत पोचवलं होतं. सीमा आता दोन लेकरांची आई होऊन नंदुरबारला नांदत होती, पण गावात दुसऱ्यांच्या सीमा होत्याच. ती म्हणाली, “पाडी टाक, सीमाना बा. कोनले लागाना आधी पाडी टाक. पन रीतनी पाड.”

रीत म्हणजे काय, ते सांगायला हवं.

वाहरूचं घर मूळ तोरणमाळच्या घाटातलं. खाली उतरून चाळीस वर्षं झाली, बोली सपाटीवरची झाली, पण काही गोष्टी डोंगरावरून जशा आल्या तशाच राहिल्या. वाहरूची आई दिवलीबाई. तिला जाऊन सात वर्षं झाली, पण घरात अजून तिचंच चालायचं. ती सांगून गेली होती, “महूना समोर पायमा काही नको. पह्यला घाव उघडा पायनी. आधी धरतीले सांग, मंग झाडले सांग, मंग हात लाव.” कुऱ्हाडीचा काळ होता तेव्हा यात काही अवघड नव्हतं. चपला काढायच्या, तीन घाव घालायचे, पाया पडायचं, चपला घालायच्या आणि काम सुरू. निलगिरी-सुबाभळीत कुणाचा देव नाही, म्हणून वर्षभर हा प्रश्नच आला नव्हता.

सकाळी सातला पोरं शाळेत गेली. ती परतायच्या आत, साडेदहापर्यंत, झाड आडवं करायचं ठरलं. शेठचा सालदार पवन, चांगला चाळिशीतला दणकट माणूस, मदतीला होता. त्यानं खोडाला वर दोर बांधला आणि शेतातल्या निंबाला ताणून आवळला, म्हणजे झाड रस्त्यावर न येता केळीच्या मोकळ्या पट्ट्यात यावं. वाहरूनं भोवती फिरून बघितलं. कुठं उभं राहायचं, कुठून पळायचं, सगळं पायानं रेघ ओढून ठरवलं. अंगावर सगळा साज होता. रूपलीबाईनं तो सकाळीच नीट आवळला होता.

मग तिनं खोडाशी नारळ फोडला. उदबत्ती लावली. पळसाच्या द्रोणातून महूच्या दारूचे चार थेंब मुळाशी टाकले. हात जोडले आणि नवऱ्याच्या पायांकडे बघितलं.

पायात बूट होते.

“सीमाना बा, बूट काढ.”

“हा. पन कुऱ्हाड कोठे शे?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कुऱ्हाड घरी होती, कोंबड्यांच्या डालग्यामागे. मशीन आल्यापासून ती बाहेर निघालीच नव्हती. घर अर्ध्या कोसावर. ऊन चढायला लागलेलं.

“मी लई येस पळत,” पवन म्हणाला.

“तू गया, आना, त्यामा पोऱ्यास्ना शाळा सुटी जाई.” वाहरू मशीनकडे बघत म्हणाला, “पह्यला घाव मशीनना. तीन घाव नही, एकच. उघडा पायनी. मंग बूट घालसू. दोन मिनिटनं काम शे.”

रूपलीबाईच्या मनात काही आलं नाही असं नाही. आलं. फाल्गुनीबेनचा आवाज अगदी कानाशी आला. पण ती मनाशी म्हणाली, ते घरातून निघायचं होतं. घरातून तर हा बूट घालूनच निघाला. इथं देवापुढं उभा आहे. देवळात कोण चपला घालून जातं? ती खाली बसली. विजारीचे पट्टे बुटाच्या कड्यांत होते, ते सोडवले. बूट निघेना, तेव्हा टाच धरून ओढला. रोज सकाळी ज्या बोटांनी ती आवळायची, त्याच बोटांनी तिनं ते सगळं सोडलं आणि बूट जोडीनं बांधावर ठेवले, टोकं झाडाकडे करून.

वाहरूनं मातीला हात लावून कपाळाला लावला. मशीनची दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला सुरू झालं. शेताच्या बाजूनं, गुडघ्याच्या उंचीवर त्यानं पहिला काप लावला. वाळलेलं लाकूड, पिवळा भुसा कारंज्यासारखा उडाला. एक काप झाला. आता थांबायचं होतं. पण मशीन लागलं होतं, धार चांगली होती, आणि तोंड, म्हणजे पडायच्या अंगाची खाच, पाडायला वरून तिरपा काप तेवढा राहिला होता. पुढे तो म्हणाला, माझ्या डोक्यात बूट होते, पण हात थांबले नाहीत. चालत्या बैलाला कोण मध्येच सोडतं?

फाल्गुनीबेननं शिकवलं होतं, जुन्या झाडाला कापायच्या आधी कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून बघायचं. भरीव असलं तर ठक वाजतं, पोकळ असलं तर ढब. कुऱ्हाड नव्हती. ठोकायचं राहून गेलं. आणि महू आतून पोकळ होता. वाळवीनं त्याच्या पोटात घर केलेलं. मशीन चार बोटं भरीव लाकडातून गेलं आणि पुढे एकदम काहीच नव्हतं. ज्या जोरानं वाहरू रेटत होता, त्याच जोरानं ते खोडातून सुटून खाली आलं.

आवाज झाला तो मशीनचा. वाहरू ओरडलाच नाही. तो खाली बसला, शहाण्या माणसासारखा, आणि मशीन बंद करून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “पवन, गमचा दे.”

रूपलीबाईनं डाव्या पायाकडे बघितलं आणि तिला समजलं की तिथं जे हवं ते तिथं नाही.

शेठची जीप आली. शहाद्याला नेलं, तिथून नंदुरबारला. दवाखान्यात डाव्या पायाची तीन बोटं काढून टाकली, पायाचं हाड तासून शिवलं. डॉक्टर तरुण होता, भला होता. पट्टी बांधून झाल्यावर त्यानं विचारलं, “बूट नव्हते का घातलेले?”

“व्हतात,” रूपलीबाई म्हणाली. “मीच काढात.”

डॉक्टरला वाटलं, जखम झाल्यावर काढले असतील. तो मान हलवून पुढच्या खाटेकडे गेला. तिनंही पुन्हा सांगितलं नाही. कुणाला सांगणार आणि कसं सांगणार? चुकलं तर दोन्हीकडून चुकलं होतं. बूट ठेवले असते तर दिवलीबाईचं मोडलं असतं, बूट काढले तर फाल्गुनीबेनचं मोडलं. एकीचं ऐकायला गेली आणि नवऱ्याचा पाय गेला. रात्रभर ती खाटेच्या पायाशी बसून त्या पांढऱ्या पट्टीवरून हात फिरवत राहिली, जसं काही आवळायचं राहून गेलंय.

सीमा लेकरांना सासूकडे टाकून बापाजवळ आली. चौथ्या दिवशी रूपलीबाई कपडे आणि धान्य घ्यायला गावी गेली. बसमधून उतरून चालत येताना वळणावर तिनं वर बघितलं आणि तिथंच उभी राहिली.

महू तसाच होता. शेताच्या अंगाला एवढं मोठं तोंड उघडं पडलेलं, आतला काळोख दिसत होता. खोड पहिल्यापेक्षा बोटभर जास्त रस्त्याकडे झुकलंय असं तिला वाटलं. आणि दोर नव्हता. निंबाला बांधलेला तो जाड दोर कुणीतरी सोडून नेला होता. चांगला दोर, गावात कुणाच्या म्हशीला झाला असेल. झाडाला आता कुणी धरलेलं नव्हतं. आणि त्याच्या खालून दोन पोरी पाटी-दप्तर घेऊन, चिंचा खात, रमत चालल्या होत्या.

“ए पोरी, पळा! पळा तठून!”

पोरी दचकून पळाल्या. लांब जाऊन थांबल्या आणि वळून हसायला लागल्या. म्हातारीला वेड लागलं, असं त्यांना वाटलं असेल.

ती तशीच शेठकडे गेली. शेठ दुकानात होता. त्यानं स्टूल दिलं, चहा मागवला, वाहरूच्या पायाची विचारपूस केली. डोळ्यांत खरंच पाणी होतं त्याच्या. “भाबी, मी चार जनेस्ले ईचारं. विसरवाडीना दोन कटरवाला पाही बी गयात. कोनी हात लाई नही ऱ्हायना.”

“काब्रं?”

“म्हनतस, झाडनी रगत चाखं. आते ते कोनले सोडाव नही. आन् पोकय झाड, अर्धं कापेल, ते कोनीकडे पडी याना नेम नही. मी क्रेन सांगी शे धुयाथून. दहा-बारा रोज लागतीन म्हनस.”

“तितला दिन ते थांबी का, शेठ?”

शेठनं पंख्याकडे बघितलं. “देवले मालूम.”

पंचायतीत ग्रामसेवक म्हणाला, झाड खाजगी बांधावर आहे, मालकानं बघावं. रस्त्याच्या कचेरीत साहेब म्हणाले, रस्ता आमचा, झाड आमचं नाही. झाड रस्त्यावर पडलं की कळवा, लगेच उचलून नेऊ. तो माणूस थट्टा करत नव्हता. वहीत बघून, नीट, शिस्तीत बोलत होता. “पडलं की फोन करा बाई,” म्हणून त्यानं एका चिठ्ठीवर नंबरही लिहून दिला. रूपलीबाईनं ती चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली आणि पायरीवर जरा वेळ बसली. पडलं की. पडेल ते कुणावर, ते कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं बाभळीच्या काट्यांच्या फांद्या ओढून आणल्या आणि झाडाच्या दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आडव्या टाकल्या. हात सोलून निघाले. पहिलाच दूधवाला आला, मोटारसायकल थांबवून लाथेनं काटे बाजूला सारायला लागला.

“भाऊ, तठून जाऊ नको. नालाना अंगथून जाय.”

“नालामाईन दूध डचमळस. रस्ता का तुन्हा बापना शे?”

“रस्ता नही, भाऊ. पन अर्धं काम मन्हा घरनं शे.”

तो हसला आणि गेला. त्याच्या मागून बाकीचे गेले. काट्यांत वाट पडली, आणि वाट पडली की काटे कसले, ती वाटच.

घरी आली तर रंजनाबाई भाकरी-भाजी झाकून घेऊन आली होती. तोंडानं फटकळ, पण हातानं मऊ. ताट पुढे सरकवत तिनं हळूच सांगितलं, “वाईट वाटाडी लेऊ नको. पन गावमा काय म्हनी ऱ्हायनात, मालूम शे का? वरीसभर वाहरू बूट घालीसन झाडंस्वर उभा ऱ्हायना. महूनी त्याना पायनाच हिशेब करा.”

रूपलीबाईचा घास हातात राहिला. “काय?”

“खरं सांगस. खालना पाड्यामाधला दोन जनेस्नी त्या शिबिरमाधल्या विजारी इकी टाक्यात. म्हने नको ती लोखंडनी टोकं. देवनी सजा नको.”

“रंजनाबाई, पायमा बूट नव्हतात वं! मीच काढात. बूट ऱ्हातात ते काही व्हतं नही!”

रंजनाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “व्हई. व्हई, माय. खा आते.”

लेकराची समजूत काढावी तशी ती बोलली. रूपलीबाईला कळलं, की हे आता कुणाला सांगून पटायचं नाही. बूट काढले म्हणून पाय गेला, ही गोष्ट गावात शिरायच्या आधी दुसरी गोष्ट शिरून बसली होती, आणि पहिलं आलेल्याला घर मिळतं. उद्या ते दोघं उघड्या पायांनी मशीन धरतील. त्यांच्याही घरी कुणी बाई चूल पेटवत असेल.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली, तेव्हा वाहरू उशाला टेकून बसला होता. ताप उतरलेला. सीमा त्याला मोसंबी सोलून देत होती. त्यानं बायकोला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

“महू पडना का?”

“नही.”

“दोर शे ना?”

तिला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर ती देवापुढं आणि याच्यापुढं खोटं बोलली नव्हती. “दोर कोनी तरी लई गया.”

वाहरूनं डोळे मिटले. मग त्यानं तिचा हात धरला. चारचौघांत हात धरायची त्या घरात कधी पद्धत नव्हती. सीमा उठून खिडकीशी गेली.

“ऐक. ते झाड मी मारी टाकं, पन पाडं नही. अर्धं कापेल झाड कापनाराना जीवले घोर ऱ्हास. जो लगून ते जमीनवर येत नही, तो लगून ते मन्हा हातमाच शे. त्याना खाले कोनी सापडनं, ते तो महू नही, मी मारं त्याले. समजनी का?”

“समजनी.”

“माले उठता येत नही. शेठना क्रेन येवो नही तं येवो. तू तठे जाईसन ऱ्हाय. पोरंस्ले खालून जाऊ देऊ नको. एकले बी नही.”

“आन् तुन्हापान कोन?”

“सीमा शे. मन्हा पाय जे व्हवानं ते व्हयी गयं. तो आते कोठे जास नही.” तो थोडा हसला. मग हसू गेलं. “लोक शिव्या देतीन तुले. येडी म्हनतीन.”

“म्हनू दे.”

“शब्द दे.”

तिनं दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला. “दिधा,” ती म्हणाली.

सीमा तिला बसपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, “आई, नवरा दवाखान्यात आणि ही झाडाखाली, असं म्हणतील गं. बाबा तापाच्या ग्लानीत बोलले असतील.”

“ताप काल उतरना,” रूपलीबाई म्हणाली आणि बसमध्ये चढली.

रात्री तिला झोप लागली की नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं. पहाटे जाग आली तेव्हा पहिल्यांदा कानावर पडलं ते वारं. चैत्र संपताना असं कोरडं वारं सुटतं, पऱ्हाट्यांचे ढीग उडवतं, केळीची पानं फाडतं. ती दारात उभी राहून ऐकत राहिली. लांबून, रस्त्याकडून, काहीतरी करकरत होतं. कदाचित कुणाच्या छपराचा पत्रा असेल.

तिनं दोन भाकरी आणि कांदा फडक्यात बांधला. पाण्याची कळशी भरली. बसायला एक गोणपाट काखेत घेतलं. शाळेची पोरं सातला निघतात. त्यांना नाल्याच्या वाटेनं वळवायचं, तर वळणाच्या अलीकडे, चिंचेपाशी, सहाच्या आत पोचायला हवं. दूधवाला त्याहून आधी. त्याच्या शिव्या पहिल्या खायच्या. मग दहापर्यंत बसच्या बाया, साडेदहाला पोरं परत. दुपारी कोणी नाही, पण कोणी नाही असं म्हणता येत नाही. मग संध्याकाळची गुरं. क्रेन यायला दहा दिवस म्हणा, बारा म्हणा. झाडाच्या मनात काय आहे, ते कुणी मोजलंय?

समोर रंजनाबाईचं दार उघडलं. ती चूळ भरत बाहेर आली, आणि कळशी बघून थबकली.

“इतली सकायना कोठे चालनी वं?”

“रस्तावर.”

“कसाले?”

“उभी ऱ्हासू,” रूपलीबाई म्हणाली.

रंजनाबाई काही म्हणणार होती, पण वाऱ्यानं तिचा पदर तोंडावर आणला. तो सावरेपर्यंत रूपलीबाई अंगण ओलांडून गेली होती. कळशी डोक्यावर, गोणपाट काखेत. गल्लीच्या तोंडाशी वारं आणखी जोरात आलं, तसा तिनं कळशीवरचा हात घट्ट केला आणि पाऊल जरा उचललं.